खिडकीतून आत घातलेला हात

"हात आत घाल तिचा. तू मांगं सरक."

कंपाउंडर माझ्याकडे न बघताच बोलला. अकोल्याला जठारपेठेत तो दवाखाना होता. रस्त्याच्या बाजूला गजांची खिडकी. आमच्या वस्तीतल्यांनी त्या खिडकीपाशीच थांबायचं. तशी पाटी नव्हती. सगळ्यांना माहीत होतं. आम्ही धर्म बदलला त्याला चार वर्षं झाली होती. खिडकी तीच होती.

मी माझ्या लेकीचा, पंचफुलाचा, उजवा हात धरला आणि दोन गजांमधून आत घातला. दंडापर्यंत. सहज गेला, इतका बारीक होता. ती सात वर्षांची होती, दिसायची चारची.

तिला शाळेत घेत नव्हते. गुरुजी पोरांना डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. कान हाती आला की वय झालं, नाव घातलं. पंचीची बोटं वर केसांतच राहायची. "पुढच्या साली आन," गुरुजी म्हणायचे. दोन वर्षं हेच. घरी ती चुलीपाशी बसून बोटं ताणत राहायची.

म्हणून मी तिला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर निजवून तपासलं. अंगात रक्त नाही म्हणून वाढ नाही, म्हणाल्या. लिव्हरच्या इंजेक्शनाच्या बारा बाटल्या हातात दिल्या आणि मला समोर बसवून सांगितलं, "ही इंजेक्शनं अकोल्यातच कुठं तरी घ्या. पण सुई दर वेळी उकळलेली पाहिजे. आडवं निजवून कमरेखाली द्यायचं, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. दंडात नको, दंडाला मांसच नाही तिच्या. तुम्ही स्वतः पाहून घ्या."

तुम्ही. आजवर कुणी डॉक्टर मला तुम्ही म्हणाला नव्हता. मी मान हलवली. सातवी पास होतो मी, कापसाच्या जिनमध्ये रुईच्या गाठींवर नंबर रंगवायचो. बाईंचं बोलणं मला सगळं कळलं होतं. आज हे लिहिताना तेच टोचतं. मला कळलं होतं.

खिडकीशी पहिल्या दिवशी मी म्हणालो, "साहेब, बाईनं कमरेत द्या म्हटलं."

"टेबलावर निजवू का तुह्या पोरीले? मंग ते टेबल कोन धुईन, तू?"

आत बाकावर बसलेले दोघंतिघं हसले. एक जण म्हणाला, "काहून रे, कलेक्टर करतं का पोरीले?"

मीही हसलो. हो. मीही हसलो.

आमच्यासाठी सिरिंज वेगळी होती, पत्र्याच्या डबीत. हॉटेलात आमची कपबशी वेगळी असायची, तशी. आतल्या लोकांची सिरिंज स्टोव्हवरच्या भांड्यात खळखळ उकळताना मला खिडकीतून दिसायची. आमची पाण्यात बुचकळून निघायची. कंपाउंडर सुईवर फुंकर मारायचा आणि टोचायचा. डाव्या अंगाला नाली होती, म्हणून पंची एकाच बाजूनं उभी राहायची. दर वेळी उजवाच दंड. तो गजांत घट्ट धरून ठेवायचं काम माझं.

पाचव्या इंजेक्शनानंतर घरी जाताना तिनं विचारलं, "बा, मी वाढून राहिली का?"

"वाढून राहिली," मी म्हणालो.

आठव्यानंतर दंड फुगला. हात लावला की चटका बसे. मी कंपाउंडरला दाखवला.

"तुमच्या रगतातच घान हाये," तो म्हणाला आणि डबी उघडली. "दुसरा हात घाल."

मी काही बोलायच्या आत पंची नालीत उतरली. तिनं स्वतःच डावा हात गजांत घातला. कुणी धरायची गरज नव्हती. ती शिकली होती. मीच शिकवलं होतं.

मी तो हात बाहेर ओढला.

"पहिले सुई उकळा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "अन् हात आत येनार नाही. पोरगी आत येईन. दारातून."

आत बसलेले डॉक्टर खुर्चीवरून उठून खिडकीशी आले. त्यांनी आमच्या उरलेल्या चार बाटल्या बाहेर कठड्यावर ठेवल्या आणि खिडकी लावून घेतली.

अमरावतीला दंड चिरला. वाटीभर पू निघाला. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना?"

उरलेली इंजेक्शनं बाईंनी टेबलावर निजवून दिली. पंची वाढली, चारेक बोटं. पण उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. गुरुजींनी कान धरायला सांगितलं तेव्हा हात उठेना, म्हणून तिनं मान वाकवून कान हाताकडे नेला. वर्ग हसला. गुरुजीही हसले. मी हसलो नाही. गावाहून आणलेली जन्माची नोंद टेबलावर ठेवली आणि नाव घालेपर्यंत तिथून हललो नाही.

आता वस्तीत कुणाच्याही लेकराला इंजेक्शन लिहून दिलं की मी सोबत जातो. दारातून आत जातो. पाणी खळखळेपर्यंत स्टोव्हपाशी उभा राहतो.

"तू काहून आला?" विचारतात.

"पाहाले आलो."

पंचीला याचा काही उपयोग नाही. आजही तिला वेणी दुसऱ्या कुणी घालून द्यावी लागते. तिचा हात कंपाउंडरनं गजांत ओढला नव्हता. मी घातला होता. हे मी स्वतःला विसरू देणार नाही. आणि आमच्या वस्तीतला एकही हात त्या खिडकीतून पुन्हा आत जाऊ देणार नाही.