तीन लिव्हर आणि सात वर्षांचा अबोला

विजेचे मीटर वाचायचं काम, म्हणून गल्ली त्याला ‘रीडिंग’ म्हणायची. तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली टॉर्च मारून आकडे टिपले. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा जावई येऊन ठाण मांडून बसला, सगळं त्याला त्या त्या घराआधी कळायचं. स्वतःच्या घरातली एक बातमी मात्र त्याला हार्डवेअरच्या दुकानात, पोत्यात हात घातल्यावर कळली.

त्याचा थोरला भाऊ टायरवाला. चौकात दुकान. रीडिंगच्या मोटरसायकलचा टायर जन्मात दुसऱ्या कुणी बदलला नव्हता. रीडिंग चाक धरायचा, दादा लोखंडी लिव्हर घालून टायर उचकटायचा आणि दर वेळी ओरडायचा, “आधी ट्यूबला थोडी हवा भर, मग आत घाल! किती वेळा सांगू?”

सात वर्षांपूर्वी एका सकाळी दादाने मागच्या चाकावरून हात फिरवला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “हा टायर आणि तुझं डोकं, दोन्ही सारखीच गुळगुळीत. कशालाच पकड राहिली नाही.” गिऱ्हाइकं खदाखदा हसली. रीडिंगचे केस नुकतेच मागे सरकू लागले होते आणि रोज आरशासमोर त्याचा जीव खालीवर होत होता, हे दादाला काय ठाऊक! भांडण एवढंच. जमिनीबिमिनीचं असतं तर चार माणसांनी बसून मिटवलं तरी असतं. टकलाचं भांडण कोण मिटवणार?

घरी येऊन रीडिंगने फर्मान काढलं, “त्या घराचं नाव या घरात निघता कामा नये.” बायको म्हणाली, “बरं.”

तेव्हापासून गल्लीत दादाचा विषय निघाला की तो उठायचा, चौक टाळून वळशाने जायचा आणि टायर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला बदलायचा. तिथला मालक दर वेळी विचारायचा, “घरचं दुकान सोडून इकडे कसे?” शेवटी रीडिंग वैतागला. नवा टायर तिथून घेतला, पण बसवायला दिला नाही. यापुढे टायर घरीच बदलायचा! बाल्कनी फूटपट्टीने मोजली, सामानाची यादी केली आणि हार्डवेअरचं दुकान गाठलं.

“लिव्हर लांब देऊ की आखूड?” दुकानदाराने विचारलं.

“फरक काय?”

“लांबला जोर कमी लागतो, पण नवखा माणूस ट्यूब चिमटवतो. आखूडला हातात दम पाहिजे.”

“दम आहे की.”

दुकानदाराने त्याचं मनगट न्याहाळलं. “काका, हा पेन धरणारा हात आहे. लांबच घ्या. दोन नको, तीन घ्या. दोन अडकवून ठेवायचे, तिसरा फिरवायचा. आणि टायरचा काठ रिमला चिकटून बसतो, तो दाबून सोडवायचं हे यंत्र.”

यंत्राची किंमत ऐकून रीडिंगने टोपी काढून डोकं पुसलं.

“जुनं चालेल? एका टायरवाल्याचं सगळं सामान आलंय. मागे पोत्यात आहे, बघा.”

रीडिंगने पोत्यात हात घातला. पहिला लिव्हर निघाला, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला. दुसराही तसाच. तिसऱ्याचं टोक वाकडं होतं. ते त्यानेच वाकवलं होतं, चौदाव्या वर्षी, आईच्या ट्रंकेचं कुलूप तोडताना. मार दादाने खाल्ला होता.

“दुकान का मोडलं त्यांनी?”

“झटका आला बिचाऱ्याला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वर्ष होत आलं. तुम्ही चौकातून जात नाही का?”

घरी आल्यावर त्याने पोतं जमिनीवर टेकवलं. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोने वाकडं टोक पाहिलं आणि तिचे हात थांबले.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“नाव काढायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?”

“अगं, पण असल्या वेळी...”

“असली वेळ आली तर काय, ते तुम्ही सांगितलं नव्हतं.” तिने टॉवेल झटकला. “दर मंगळवारी शिवणाच्या क्लासला जाते मी. वर्षभरात एक पिशवी तरी शिवलेली पाहिलीत? जाऊबाईंकडे जाते. मोठे भाऊजी दाराकडे बघत बसतात. मी दिसले की माझ्या मागे बघतात.”

रीडिंग पोत्याशेजारी बसला. मग म्हणाला, “काय म्हणून जाऊ आता?”

“भाऊ म्हणून.”

“ते नाही जमणार.”

“मग गिऱ्हाईक म्हणून जा.”

दुपारी रिक्षातून तो निघाला. मांडीवर मागचं चाक, गळ्यात नवा टायर, पायाशी पोतं. वहिनीने दार उघडलं. “या भाऊजी,” ती म्हणाली, जणू कालच येऊन गेला होता. दादा खिडकीपाशी खुर्चीत होता, निम्मा उरलेला. त्याने भावाकडे पाहिलं नाही, चाकाकडे पाहिलं. डाव्या हाताचं बोट गुळगुळीत रबरावरून फिरवलं.

रीडिंग फरशीवर बसला. यंत्राने काठ सोडवला, जुना टायर उतरवला, साबणाचं पाणी लावून नवा चढवू लागला. शेवटची वीतभर कड काही केल्या आत जाईना. एकीकडे दाबली की दुसरीकडून निसटायची. तोच दादाचा डावा पाय खुर्चीवरून खाली आला आणि टायरवर घट्ट रोवला गेला. रीडिंगने वाकडा लिव्हर फिरवला. कड आत गेली.

त्याने पंप मारायला घेतला. आतून फुस्स असा आवाज येत राहिला. ट्यूब चिमटली होती. आत घालण्याआधी तिला थोडी हवा भरायची राहिली होती.

“दादा,” मान खाली घालून तो म्हणाला, “तू म्हणालास ते खरंच होतं. कशालाच पकड नाही माझी.”

दादाचं डावं अर्धं तोंड हललं. हसला की रडला, उरलेल्या अर्ध्यावरून काही कळेना. घशातून एक आवाज आला. वहिनीही पुढे होऊन ऐकू लागली, पण शब्द लागला नाही. शिवीही असेल.

रीडिंगने टायर पुन्हा उघडायला घेतला. दादाचा पाय अजून टायरवरच होता, तो त्याने दोन्ही हातांनी उचलून हळूच बाजूला ठेवला. पाय भलताच हलका लागला.