धरमसिंगचा दोन आण्यांचा चाकू

तांड्यावर कुणाला चाकू घ्यायचा असला, की तो आधी धरमसिंगला विचारायचा. आणि नाही विचारलं तरी धरमसिंग सांगायचाच. पातं डुगडुगतं का, खटका नीट वाजतो का, मिटताना अंगठा चावतो का, हे सगळं तो बघे. धार मात्र स्वतःच्या हाताच्या केसांवर. त्यामुळे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी त्याचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत असायचा.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात त्याच्या स्वतःच्याच चाकूनं मान टाकली. दोरी राहिली बाजूला, कांदासुद्धा कापायच्या ऐवजी चेपायला लागला.

"दोन बाजार झाले, तुमी नुसता हात भादरून येता," बायको भुरीबाई कडाडली. "या बाजारी चाकू नाई आणला, तर बैल घ्यायले माहा भाऊ जाईन. ज्याले चाकू समजत नाई, त्याले बैल काय समजन?"

बैल पसंत करायचा मान मेहुण्याकडे, त्या हरिसिंगकडे जाणार! धरमसिंगला भाकर गोड लागेना.

पांढरकवड्याच्या बाजारात उकंडा पोत्यावर चाकू मांडून बसे, शेजारी धार लावायचं चाक. ताडून बघायला म्हणून धरमसिंगनं आपला जुना चाकू काढला. चाकू हातातून हातात दिला की भांडण होतं, हे दोघांनाही पक्कं ठाऊक. म्हणून त्यानं तो पोत्यावर ठेवला. उकंडाला वाटलं, धार लावायला दिला. त्यानं तो उचलला, चाकावर धरला, तेलानं पुसून चकचकीत केला आणि रिवाजाप्रमाणे परत पोत्यावरच ठेवला. धरमसिंग तेव्हा अकराव्या चाकूचा खटका कानाशी धरून ऐकत होता.

बारावा चाकू उचलला आणि त्याचा चेहराच उजळला. मूठ तळहातात अशी बसली, की सोडवेना. डाव्या हातावर केस उरले नव्हते, म्हणून पातं उजव्यावर फिरवलं. साफ! पण गिऱ्हाइकानं खूश दिसायचं नसतं. तोंड पाडून तो म्हणाला, "बरा हाये म्हना. सव्वा रुपया देतो."

"अहो, हा तर..."

"बोलू नका! लोखंड हलकं हाये. एक रुपया."

"भाऊ, आयका तं खरं, हा..."

"बारा आणे! अन् आता माहं तोंड उघडाले लावू नका!"

उकंडा वैतागला. धार लावल्याचे जे होत होते, तेवढे त्यानं सांगून टाकले. "दोन आणे द्या अन् जा ना बाप्पा!"

दोन आणे! आपल्या घासाघिशीवर धरमसिंग स्वतःच भाळला. पैसे टाकून, चाकू उचलून, उकंडाचं मन फिरायच्या आत तो बाजारातून अक्षरशः पळाला.

तांड्यावर चाकू बघायला सगळे जमले. भुरीबाईनं तो उलटासुलटा केला. मुठीवर काळा डाग होता. शिमग्याला हाच चाकू चुलीत पडला होता आणि तिनंच चिमट्यानं काढला होता.

"तुमचा जुना कुठं हाये?" तिनं विचारलं.

धरमसिंगनं खिसे चाचपले. चाचपता चाचपता त्याचा हात थांबला.

हरिसिंग हसून हसून बाजेवरून खाली पडला. भुरीबाई मात्र हसली नाही. "पंधरा वर्साआधी यायनं हाच पसंत केलता, आजबी हाच केला. पारख पक्की हाये. बैल हेच आणतीन." धरमसिंगला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले.

महिन्यानं म्हातारा बैल विकून नवा आणायला तो निघाला. भुरीबाई गोठ्यातून बाहेर आली, तेव्हा तिचे हात हिरवे झाले होते. म्हाताऱ्याची दोन्ही शिंगं तिनं हिरवीगार रंगवली होती.

"हे शिंगं नीट पाहून ठेवा," ती म्हणाली. "असा बैल कितीबी पसंत पडला, तरी घेऊ नका."