अन्वरच्या टांग्याची फिल्लम

जाहिरात कशाची करावी याला काही धरबंध आहे की नाही, असं मी अन्वरला तेव्हाच विचारलं होतं. साबणाची करावी, विड्यांची करावी, केसांच्या तेलाची करावी. टांग्याची कसली जाहिरात? टांगा स्टेशनाबाहेर उभा असतो, घोडी फुरफुरते, लीद टाकते. गिऱ्हाइकाला आणखी काय सांगायचं राहतं? पण अन्वर हट्टाला पेटला होता आणि हट्टाला पेटलेल्या अन्वरशी बोलणं म्हणजे तोंडची वाफ दवडणं.

चिंचवड स्टेशनासमोर माझं पान-विडीचं दुकान होतं आणि दुकानाच्या बरोबर समोर अन्वरचा टांगा उभा राहायचा. त्यामुळे अन्वरला मी जेवढा पाहिला तेवढा त्याच्या बायकोनंही पाहिला नसेल. सडपातळ माणूस, अंगात धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी. माणसांशी कमी बोलायचा, घोडीशी भरपूर. घोडीचं नाव शहाजादी. सगळं अंग तपकिरी आणि कपाळावर पांढरा ठिपका. तिला तो सकाळी चारा घालताना आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकांच्या कागाळ्या सांगायचा. मला मात्र कधी एका अक्षरानं कुणाबद्दल बोलला नाही. मी खोदून खोदून विचारायचो, पान फुकट द्यायचो, तरी नाही. "गाडीतली गोष्ट गाडीत ऱ्हायली पायजे, ज्योतीराम," म्हणायचा आणि पान मात्र खायचा.

पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू झाला तेव्हा अन्वरचे दिवस पालटले. स्टेशनावर उतरणारे बाबूलोक, नोकरी शोधत आलेले सोलापूर-साताऱ्याकडचे तरुण, सगळे त्याच्या टांग्यात. पण सुख आलं की त्याला दृष्ट लागतेच. वर्षभरात बातमी आली, स्टेशन ते कारखाना मोटारबस सुरू होणार. तेही एक वेळ चाललं असतं, पण बस उभी राहायला जागा हवी म्हणून टांगा स्टँड स्टेशनाच्या फाटकापुढून उचलून मालधक्क्यामागे न्यायचं घाटत होतं. मालधक्क्यामागे कुत्रं फिरकत नसे, तिथं गिऱ्हाईक कुठलं यायला?

"जागा गेली तर घोडी चाकणच्या बाजारात उभी करावी लागंल," अन्वर एका दुपारी मला म्हणाला. "तिला दोर लावून मी बाजारात नेऊ? माझ्यानं न्हाई व्हायचं ते." त्याचे डोळे भरून आले होते. मी पानाला चुना लावत बसलो.

याच सुमाराला त्याचा मेहुणा फारूक मुंबईहून सुट्टीवर आला. फारूक एका सिनेमा कंपनीत दिवे उचलायच्या कामाला होता, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं सगळी कंपनी याच्याच जिवावर चालते. येताना त्यानं किल्ली देऊन चालवायचा एक छोटा कॅमेरा आणि उरलीसुरली फिल्लम मागून आणली होती. स्टेशनामागच्या मैदानात तंबूतला सिनेमा मुक्कामाला होता. तंबूवाला म्हणाला, मुख्य खेळाआधी तुमचं चित्र दाखवतो, आवाज मात्र तुमचा तुम्ही भोंग्यातून द्या. आवाज द्यायचं काम माझ्याकडे आलं. माझा आवाज चांगला आहे, हे मी सांगत नाही, लोक म्हणतात.

आता फिल्लममध्ये टांग्यात बसवायचं कुणाला? इथं अन्वरनं डोकं चालवलं. त्यानं थेट दौलतरावांना गाठलं.

दौलतराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. पंचायतीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. स्टँड ठेवायचं की हलवायचं हेही शेवटी तेच ठरवणार होते. शिवाय गावच्या नशाबंदी कमिटीचे ते अध्यक्ष. दारूबंदीवर त्यांचं भाषण सुरू झालं की समोरच्या माणसाला आपण प्यालेल्या चहाचीसुद्धा लाज वाटायची. दर सोमवारी आणि शुक्रवारी ते अन्वरच्या टांग्यानं कमिटीच्या मीटिंगला पिंपरीला जात. गुलाबी फेटा, तेल लावलेल्या मिशा. पडद्यावर आपण दिसणार म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "फेटा रंगीत दिसंल का रे?" फारूकनं खोटं सांगितलं, दिसेल.

शुक्रवारी दुपारी शूटिंग झालं. फारूकचा कॅमेरा स्टेशनासमोर एकदा फिरणार होता आणि मग कारखान्याच्या फाटकाशी. मधल्या रस्त्यात नुसतं जायचं. निघताना त्यानं दौलतरावांना दहादा बजावलं, "साहेब, ॲक्टिंग करायची नाही. कॅमेरा आहे हे विसरून जा. रोज जसं करता तसंच करा." दौलतरावांनी मान डोलावली. टांगा निघाला, फारूक सायकलवरून आधीच पुढे गेला होता. मी दुकानात होतो, पुढचं मला काहीच ठाऊक नव्हतं.

फारूक फिल्लम घेऊन मुंबईला गेला, तिथं ती धुतली, जोडली आणि गावच्या जत्रेच्या शनिवारी संध्याकाळी खेळाच्या वेळेलाच डबा घेऊन उगवला. आधी बघायला वेळच नव्हता. तंबू गच्च भरलेला. मधोमध कनात, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. पुढे खुर्चीवर दौलतराव, अंगावर नवा कोट. अन्वर माझ्याशेजारी उभा, त्याच्या हातातली टोपी घामानं भिजलेली. "दौलतराव खूश झाले म्हंजे स्टँड वाचलं," तो पुटपुटला. कनातीपलीकडे दौलतरावांच्या पत्नी सावित्रीबाई आहेत हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळलं. त्या खोकल्याला गाव वचकून असे.

दिवे गेले. पडद्यावर शहाजादी आली आणि तंबूत शिट्ट्या पडल्या. ती खरोखर देखणी दिसत होती, मान उंच, ठिपका चमकतोय. दौलतराव ऐटीत चढून बसले. मी भोंग्यातून सुरू केलं, "बंधूंनो आणि भगिनींनो! स्टेशन ते कारखाना, अन्वरभाईंचा टांगा! वाऱ्याच्या वेगानं धावणारी शहाजादी! वाटेत कुठंही न थांबता..."

शहाजादी थांबली.

पडद्यावर ओढ्यावरची मोरी, पलीकडे बाभळींचं रान. फारूक पुढे जाता जाता त्या मोरीवर उतरला होता, कारण तिथं म्हणे ऊन फार सुरेख पडलं होतं. कुणाला सांगायचं भान त्याला राहिलं नव्हतं. तर शहाजादी आपली आपण रस्ता सोडून बाभळींमागच्या झोपडीपुढे जाऊन उभी राहिली. अन्वरनं लगामाला हातही लावला नव्हता. दौलतराव उतरले. झोपडीच्या दाराला गोणपाट होतं, त्यातून एक म्हातारा बांगड्यांचा हात पेला घेऊन बाहेर आला. दौलतरावांनी इकडंतिकडं न बघता पेला रिकामा केला, मिशा पुसल्या, खिशातून गुळाचा खडा काढून शहाजादीला भरवला आणि परत चढून बसले. सगळं अगदी रोजच्यासारखं.

ती झोपडी कशाची हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त फारूकला. त्याला वाटलं, गावाकडची प्रेमळ म्हातारी वाटसराला पाणी देते आहे. म्हणून त्यानं तो भाग अगदी निगुतीनं, पूर्णच्या पूर्ण ठेवला होता.

भोंगा माझ्या तोंडाशी. काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "म्हणजे बसगाडी थांबते ठरलेल्या थांब्यावर, पण शहाजादी थांबते गिऱ्हाइकाच्या मनात असेल तिथं! वाटेत पाण्याची सोय आहेच!"

मग जो हशा उठला त्यानं कनात हलली. दौलतराव उठून "बंद करा! बंद करा!" ओरडायला लागले, पण उठल्यामुळे त्यांच्या फेट्याची सावली पडद्यावर पडली आणि लोकांना एकाच वेळी दोन दौलतराव दिसले. "वन्स मोअर!" मागून कुणीतरी ओरडलं. तंबूवाला धंद्याचा माणूस, त्यानं रीळ गुंडाळून पहिल्यापासून परत दाखवलं. एका बाजूला मला हसू आवरत नव्हतं आणि दुसऱ्या बाजूला अन्वर मटकन खाली बसला होता. "मला काय ठावं फारूक मोरीवर बसलाय," एवढंच तो म्हणत होता. "गेली, ज्योतीराम. शहाजादी गेली माझी."

कनातीपलीकडून एकदा खोकला आला, मग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्वर शहाजादीला खरारा करत होता, पण हात जड पडत होता. मी त्याला चहा नेऊन दिला, त्यानं घेतला नाही. तेवढ्यात रस्त्यानं सावित्रीबाई चालत आल्या. एकट्या. कपाळावर पदर, तोंड मिटलेलं. त्या कधी टांग्यापाशी आल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"वहिनीसाब, माझी चूक न्हाई ओ..." अन्वर सुरू झाला.

"तू बोलू नगंस," त्या म्हणाल्या आणि मागच्या बाजूला चढून बसल्या. "लगाम सोड. ती जाईल तिकडं जाऊ दे." मग माझ्याकडे वळल्या. "तू बी बस रे ज्योतीराम. काल लई बोलत हुतास भोंग्यातनं. आता गप बसून बघ."

दुकान उघडं टाकून मी बसलो. नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

शहाजादी निघाली ती सरळ बाभळींमागे. थांबली. गोणपाटातून बांगड्यांचा हात पेल्यासकट बाहेर आला, टांग्यात कोण आहे हे बघायची त्या हाताला सवयच नव्हती. सावित्रीबाईंनी पेला घेतला, वास घेतला, मातीत ओतला आणि परत त्या हातात दिला. "पेला तरी घासत जा गं बये," म्हणाल्या. हात विजेसारखा आत गेला. शहाजादी मात्र हलेना. तिला गूळ हवा होता. अन्वरनं लाजत आपल्या खिशातला खडा सावित्रीबाईंना दिला, त्यांनी तो तिला भरवला, तेव्हा कुठं शहाजादीबाई चालू लागल्या.

मला वाटलं, झालं. पण कारखान्यापाशी वळून परत येताना शहाजादी आणखी एका ठिकाणी थांबली. वडाखाली इंद्रायणी नावाची माळीण फुलं घेऊन बसायची, तिच्या टोपलीपुढे. इंद्रायणीनं मान वर न करताच शेवंतीची वेणी पुढे धरली. "घ्या दौलतराव," म्हणाली, "आज सकाळीच?"

सावित्रीबाई वेणीकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू, जणू आम्ही तिथं नव्हतोच, म्हणाल्या, "मीटिंगच्या दिवशी आणायचे. लगीन झाल्यापास्नं दुसरं कधी काय आणलं न्हाई, पर मीटिंगच्या दिवशी वेणी. आल्या आल्या माझ्या तोंडाम्होरं धरायचे. मला वाटायचं, कौतुक हाय." त्यांनी वेणीकडे बोट केलं. "त्यो वास मारायला व्हय ही वेणी. आन् मी येडी सोमवारची वाट बघायची."

अन्वरनं तोंड फिरवलं. मला त्या क्षणी दौलतरावांचा असा राग आला की वाटलं, पुन्हा तंबू लावून ती फिल्लम महिनाभर दाखवावी.

पण सावित्रीबाई रडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी वेणी घेतली, डोक्यात माळली आणि म्हणाल्या, "अन्वर, तुझा टांगा हितंच हुबा ऱ्हाईल, फाटकाम्होरं. बस जाऊ दे पलीकडं चिंचेखाली. त्यांना मी सांगते. मला सोमवार-शुक्रवार टांगा लागनार हाय."

त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. पंचायतीत दौलतरावांनी टांग्याच्या पुरातन परंपरेवर असं भाषण ठोकलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. बस चिंचेखाली गेली. आणि गंमत पुढेच आहे. गावातल्या बायकांनी सावित्रीबाईंची युक्ती ऐकली. एकेक जण येऊन टांग्यात बसायची आणि म्हणायची, "लगाम सोड बरं अन्वरभाऊ." पुरुष त्या दिवसापासून बसनंच जायला लागले. अन्वरला गिऱ्हाइकांना नाही म्हणायची वेळ आली. एवढी चालणारी जाहिरात मी नंतर कुठे पाहिली नाही, आणि ती फारूकच्या मूर्खपणातून झाली, हे फारूकला तो मरेपर्यंत मी कळू दिलं नाही.

सोमवारी आणि शुक्रवारी मात्र टांगा दौलतरावांचाच. मागे दोघं नवरा-बायको. बाभळींपाशी शहाजादी थांबायची. दौलतराव कारखान्याच्या धुराड्याकडे टक लावून बघायचे, सावित्रीबाई उतरून गूळ भरवायच्या. पुढे वडाखाली थांबायची. तिथं दौलतराव खाली मान घालून उतरायचे, वेणी घ्यायचे आणि न बोलता बायकोच्या हातात द्यायचे, शिक्षा भोगल्यासारखे. त्याही न बोलता माळायच्या.

असं बरेच महिने चाललं. मग एका सोमवारी अन्वर टांगा सोडून माझ्या दुकानात आला आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीतली गोष्ट गाडीबाहेर काढली.

"आज मी मुद्दाम लगाम आवळून धरला, ज्योतीराम. शहाजादीला वडाखाली थांबूच दिलं न्हाई. म्हटलं, बघू तरी."

"मग?"

"जरा म्होरं गेलो आसंल. तर मागनं दौलतराव वराडले, 'ए अन्वर, थांब की रं! वेणी ऱ्हायली.'"

"आणि सावित्रीबाई?"

"त्या खोकल्या," अन्वर म्हणाला. "पर हसून."