जोडाक्षरं तपासण्यापुरता अर्ज

बसा. चहा येतोय. तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. देवासात ती आता सगळ्यांना ठाऊक झालीय, आणि सांगणारा प्रत्येक जण तिला वरून फोडणी देतो. फोडणीची गरज नाही हो! जे झालं तेवढं पुरे आहे.

मी एका खाजगी कॉलेजात ग्रंथपाल. सुभेदार सर म्हणतात मला. सव्वीस वर्षं झाली. लायब्ररीतला कॉम्प्युटरही माझ्यासारखाच, ढकलला की चालतो. एक दिवस त्याने पडद्यावर सूचना टाकली की, या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमला यापुढे कसलाही आधार मिळणार नाही. मी म्हटलं, बाबा रे, मला तरी कुणाचा मिळतोय?

प्राचार्य मॅडमकडे गेलो. बाई भल्या आहेत, पण नव्या मशीनचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघायला लागतात. "सर, इसी में कुछ जमा लीजिए ना!"

मग आमचा मेहुणा मध्ये पडला. श्रीकांत, बायकोचा धाकटा भाऊ. धारला शाळेत विज्ञान शिकवतो. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे इलाज असतो. फोनवर म्हणाला, "भावजी, छोडो यार ते जुनं! नवी सिस्टम फुकटात मिळते. मी रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन येतो. एका तासात सगळं टकाटक!"

रविवारी आला. लायब्ररी उघडून एका तासात सिस्टम चढवलीही. पडद्यावर सुंदर डोंगर आले. श्रीकांतने घरी येऊन बहिणीच्या हातचे पोहे दोनदा घेतले, "आता मजा करा" म्हणाला आणि धारच्या बसमध्ये बसला.

सोमवारपासून माझी मजा सुरू झाली.

वायफाय नाही. आवाज नाही. माउसचं चाक खाली फिरवलं की पान वर जातंय. आणि दर दहा मिनिटांनी पडदा असा काळा व्हायचा की मला माझाच चेहरा दिसायचा. या वयात, त्या अवस्थेत, तो कुणाला बघायचा असतो?

श्रीकांतला फोन लावला.

"भावजी, ती काळी खिडकी उघडा आणि मी सांगतो ते टाइप करा. एस, यू, डी..."

"डी की बी?"

"डी! डमरूचा डी! आता पासवर्ड टाका."

"टाकतोय, पण काहीच उमटत नाही रे!"

"उमटत नसतं. दिसत नाही, पण आत जातं."

"अरे, मग मला कसं कळणार गेलं की नाही ते?"

"विश्वास ठेवा, भावजी!"

ठेवला. मंगळवारी हा पाहुण्यांना घेऊन मांडूला. तिथे रेंज येऊन-जाऊन. अर्धी आज्ञा माझ्या कानात पोचली आणि फोन तुटला. उरलेल्या अर्ध्या आज्ञेची वाट बघत मी दोन तास त्या काळ्या खिडकीपुढे बसलो होतो. बुधवारी वायफाय आलं. गुरुवारी आवाज आला, तो असा अचानक आणि असा मोठ्याने की वाचनकक्षातल्या दोन मुली किंचाळल्या.

शुक्रवारी राहिला प्रिंटर.

आमचा प्रिंटर जुना, टेबलावरच, वायरने जोडलेला. आता भानगड अशी होती की माझ्या हिंदीतल्या सगळ्या जुन्या फाइली त्या जुन्या फॉन्टमधल्या. नव्या सिस्टमवर त्या उघडल्या की नुसता कचरा दिसायचा. म्हणून नवा फॉन्ट टाकला. पण त्यात जोडाक्षरं फुटत होती. 'प्राचार्य'चे तीन तुकडे! पडद्यावर कशीबशी जमवली, पण कागदावर नीट येतायत का, हे छापल्याशिवाय कसं कळणार? त्यासाठी जोडाक्षरांनी गच्च भरलेला मजकूर हवा.

समोर पत्रलेखनाचं पुस्तक पडलं होतं. चाळलं. एका पानावर थांबलो. स्वास्थ्य, व्यक्तिगत, स्वेच्छा, त्यागपत्र, स्वीकृत, कृतार्थ! एका अर्जात इतकी जोडाक्षरं मी जन्मात पाहिली नव्हती. नोकरीच्या राजीनाम्याचा नमुना होता तो.

टाइप केला. खाली प्रार्थी म्हणून स्वतःचं नाव टाकलं. नाव कशाला टाकलं, असं बायकोने नंतर शंभरदा विचारलं. आता तुमच्यापासून काय लपवू? चार दिवस त्या मशीनने माझा जीव खाल्ला होता. टाइप करताना फार बरं वाटत होतं!

छापा म्हटलं. पडद्यावर आलं, 'छपाई पूर्ण'. टेबलावरचा प्रिंटर ढिम्म. पुन्हा. 'छपाई पूर्ण'. ढिम्म! वायर काढली, लावली. पुन्हा. मग वाटलं, अक्षर बारीक असेल म्हणून घेत नसेल. मोठं केलं. मग ठळक केलं. अशा अकरा वेळा. शेवटच्या तीन प्रती तर इतक्या मोठ्या अक्षरांत की एका कागदावर दोनच ओळी मावल्या असत्या. प्रिंटरने डोळासुद्धा उघडला नाही. मी प्लग काढला आणि घरी गेलो.

मला काय माहीत की मॅडमच्या खोलीत त्याच आठवड्यात नवा बिनवायरीचा प्रिंटर बसलाय? आणि आमच्या नव्या, हुशार सिस्टमने, मला न विचारता, तोच आपला मानून घेतलाय? मॅडम त्या दिवशी मीटिंगला इंदूरला होत्या. खोलीला कुलूप. आत एकामागून एक माझे राजीनामे निघत होते.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. स्वतः खुर्ची पुढे केली. मी घाबरलोच.

"सर, पक्का सोच लिया है?"

मला वाटलं, नव्या सिस्टमबद्दल विचारतायत. म्हटलं, "जी मॅडम. अब पुराने में वापस नहीं जाना."

"तकलीफ़ तो होगी।"

"शुरू-शुरू में होगी. फिर आदत पड़ जाएगी."

"घर में सबको पता है?"

"घर से ही तो शुरू हुआ मॅडम! साले साहब पीछे पड़े थे कि छोड़ो अब."

मॅडमनी मोठा सुस्कारा सोडला. "और लाइब्रेरी का काम?"

"हफ्ते भर में सब जमा दूँगा. आनेवाले को कोई परेशानी नहीं होगी."

त्यांचे डोळे पाणावले. मला मनातून वाटलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कॉम्प्युटरवरच्या कामाची एवढी कदर केली!

त्यानंतर सगळं कॉलेज माझ्याशी गोड वागायला लागलं. पुस्तकं परत न करणारे प्राध्यापक स्वतः येऊन पुस्तकं देऊन गेले. आमचा शिपाई रामेश्वर, माझ्याच वयाचा, सतरा वर्षं माझ्याबरोबर लायब्ररीत आहे. इकडच्या बोलीत मला भिया, म्हणजे भैया, म्हणतो. कपाट पुसता पुसता म्हणाला, "भिया, शनिवार को विदाई का प्रोग्राम है। प्रोजेक्टर आप ही चलाओगे ना?"

"किसकी विदाई? व्यास सर की?" रसायनशास्त्राचे व्यास सर महिनाअखेर निवृत्त होणार होते.

रामेश्वरने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. "आप भी ना, भिया!" आणि नाक ओढत बाहेर गेला. मला वाटलं, सर्दी झालीय.

शनिवारी सभागृह भरलं होतं. मी घाम पुसत वायरी जोडत होतो. मान वर केली तर पहिल्या रांगेत माझी बायको! ठेवणीतली साडी नेसून. शेजारी धारहून आलेला श्रीकांत. मी लांबूनच हाताने विचारलं, तू इथे कशी? तिने अशी मान फिरवली की लग्नानंतर तशी दोनदाच फिरवली असेल.

ऑफिसने दिलेला पेन ड्राइव्ह लावला. मनात देवाचा धावा केला. आणि काय सांगता! पहिल्या झटक्यात चाललं. आवाज आला, बासरी वाजली. पडद्यावर चित्र आलं, लख्ख! खाली अक्षरं आली. एकही जोडाक्षर फुटलं नव्हतं. मी आनंदाने मोठ्यांदा वाचलंही, "हमारे ग्रंथपाल श्री सुभेदार जी की स्वैच्छिक सेवानिवृत्ति पर भावभीनी..."

आणि मग नजर वर गेली. वरचा फोटो माझा होता.

टाळ्या चालूच होत्या. मी तसाच मॅडमजवळ गेलो आणि कानात म्हटलं, "मॅडम, वह टेस्ट पेज था."

"ग्यारह?"

"प्रिंटर नहीं चल रहा था."

"चल रहा था सर. मेरे कमरे में. आखिरवाले तो आपने चिल्ला-चिल्लाकर लिखे थे!"

पुढचं फार सांगत नाही. माइकवरून मला सगळं कबूल करावं लागलं. सभागृह हसलं. व्यास सर तर खुर्चीवरून पडायचे राहिले. बायकोला निमंत्रण ऑफिसने परस्पर धाडलं होतं. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "अहो, निदान मला तरी एक प्रत द्यायची!" श्रीकांत रिक्षात पुढे बसला होता, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

पण रात्रभर मला एकच गोष्ट टोचत होती. पुरा आठवडा गेला. साठ जणांचा स्टाफ. सगळे गोड बोलले, पुस्तकं परत दिली, डोळे पुसले. पण 'सर, जाऊ नका' असं एकानेही म्हटलं नव्हतं! एकानेही नाही.

म्हटलं, असेल. संकोचले असतील बिचारे.

सोमवारी राजीनामा परत घेत असल्याचं हाताने लिहून मॅडमकडे नेलं. त्यांनी शांतपणे वाचलं. घडी घातली. मग ती घडी माझ्याच हातात परत ठेवली आणि फार मायेने म्हणाल्या,

"सर, ऐसी भी क्या जल्दी है? एक बार ठंडे दिमाग़ से फिर सोच लीजिए।"