मेजपी पाद्री आणि मारुतीची दहा पत्रं

आमचे मेजपी पाद्री समोरच्याचं बोलणं ऐकता ऐकता मोजत. आपण तळमळून काही सांगत असावं, त्यांनी मान डोलवत ऐकावं आणि शेवटी म्हणावं, "मास्तर, आज 'तसं पाहिलं तर' नऊ वेळा झालं. काल चारदाच होतं. घरात काही बिनसलं काय?" आणि बिनसलेलं असायचंच, काय सांगू! मेजप म्हणजे कोकणीत मोजणं. डिचोलीच्या बाजारात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. पाव विकणारा पोदेरसुद्धा 'हे मेजपी पाद्रीचे उंडे' म्हणून चार उंडे बाजूला काढून ठेवी.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे. गोव्याचं वेगळं राज्य व्हायचं होतं आणि त्याची भाषा मराठी की कोकणी यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. मी पाळीच्या शाळेत मराठीचा मास्तर, राहायला सर्वणला, सभेत पहिल्या रांगेत. फादर कोकणीवाले. पण माझ्याशी ते हट्टानं मराठी बोलत आणि मग मीही पेटून कोकणीत उत्तर देई. चॅपेलच्या सोप्यावर चाललेलं आमचं हे उलटं भांडण ऐकून येणारेजाणारे हसत.

सां पावलूच्या, म्हणजे संत पौलाच्या, नावावर बायबलात तेरा पत्रं आहेत. ती सगळी त्याचीच काय, हा फादरांचा जन्माचा छंद. ग्रीक ग्रंथ मांडीवर, पुढ्यात चिंचोक्यांचा डबा. मोठे शब्द ते मोजतच नसत. म्हणत, "देव, पाप, कृपा हे शब्द कुणीही उचलतो. 'आणि', 'पण', 'म्हणून' कोण उचलणार? ते माणसाच्या नकळत येतात." काही पत्रांत हे बारके शब्द एकमेकांशी जुळत, काहींत साफ बिघडत. मग ती शिष्यांनी गुरूचं नाव घालून लिहिली असतील? मी एकदा खोचकपणे विचारलं, "पाद्री असून शंका घेता?" "शंका नव्हे रे, ओळख. अंगणात घरचा आला की परका, ते तुला आतून चपलांच्या आवाजावरून कळतं ना? तसं."

एकदा आमच्या हेडमास्तरांना निनावी पत्र आलं, भाषेवरूनच, शिव्यांनी भरलेलं. ते घेऊन हेडमास्तर चॅपेलवर गेले. फादरांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. "शिक्षा करायला मी मोजत नाही," म्हणाले आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. फादर माझे दोस्त, म्हणून हेडमास्तर पुढे महिनाभर माझ्यावरच घुश्शात होते.

म्हणून कोल्हापूरकडची ती माणसं आली तेव्हा फादरांनी चिंचोके काढले याचं मला नवल वाटलं. पाळीच्या खाणीवर काम करणारा त्यांचा माणूस तापानं गेला होता. त्याचं सामान न्यायला त्याची बायको, तेरा वर्षांची मुलगी शेवंता आणि त्याचा धाकटा भाऊ असे तिघे आले होते. सामानापेक्षा मोठं भांडण पत्रांचं होतं. गावी शेवंताचं लग्न ठरत होतं, आणि मरणाआधी आठ दिवस बापाचं पत्र गेलं होतं, पोरीला शाळेतून काढू नका म्हणून. ते पत्र खोटं, असं भावाचं म्हणणं. "'चलयेक शाळेंतल्यान काडूं नाकात' म्हंजे काय ओ? आमचा दादा जल्मात असं बोलला न्हाई. वैनीनंच कुनाकडनं तरी लिवून घेतलंय." आजोबांचा निरोप होता: पत्र पोराचं ठरलं तर लग्न थांबेल, नाही तर याच वैशाखात अक्षता.

फादरांना देवनागरी अडखळत वाचता येई. म्हणून शेवंतानं सोबत आणलेली बापाची दहाही पत्रं मोठ्यानं वाचली आणि ते चिंचोके टाकत गेले. दोन दिवस हे चाललं होतं. मी मोर्च्यासाठी पणजीला होतो, मला पत्ताच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर फादर उतरल्या चेहऱ्यानं बसलेले.

"मास्तर, नऊ पत्रं एका माणसाची. दहावं दुसऱ्याचं. काही केल्या जुळत नाही. आणि तरी प्रत्येक पत्रात आधी आईच्या गुडघ्याची चौकशी, मग म्हशीची, मग पोरीची. दहाव्यातही तसंच. हे कसं?" मग वहीत बघून म्हणाले, "त्या नऊ पत्रांत एक वाक्य सारखं येतं. 'आपण सुज्ञ आहात, अधिक काय लिहावे.' हे काय असतं?"

मी घाईनं विचारलं, "कुठला माणूस? मारुती काय, खाणीवरचा?"

"मारुतीच."

"फादर, ती नऊ पत्रं मी लिहिलीत."

रविवारी खाणीवरची माणसं माझ्याकडे पत्रं लिहून घ्यायला येत. ती सांगत, मी लिही. फादरांनी वही मिटली. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि चक्क हसायला लागले. "लिहिणारा कुणीही असो, शब्द सांगणाऱ्याचेच असं धरून बसलो! मारुती मोजतोय म्हणून तुला मोजला! आणि पावलूचं काय? तोही लिहिणाऱ्याला बसवून सांगायचा. एका पत्रात तर त्या लिहिणाऱ्यानं शेवटी स्वतःचाही नमस्कार घुसडलाय. तीस वर्षं तो नमस्कार वाचतो रे मी!" दहावं पत्र दवाखान्यातल्या आयानं लिहिलं होतं. मारुती बोलत गेला, तिनं जमेल तशा मराठी-कोकणीत उतरवलं. फादर सकाळीच तिला भेटून आले होते. पण दिराचा तिच्यावर विश्वास नव्हता, आणि चिंचोक्यांपुढे फादरांनाही तिचं म्हणणं पटलं नव्हतं.

हसू थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, पोरीच्या शाळेचं तो तुला कधी बोलला नाही?"

बोलला होता. एकदा नव्हे, तीनदा. आणि मुलानं बापाला असं तोंडावर लिहिणं बरं दिसत नाही म्हणून मी लिहिलं होतं, 'चि. शेवंताविषयी आपण वडीलधारे योग्य ते करालच.' केवढं नेटकं वाक्य! ते लिहून मी स्वतःवर खूशही झालो होतो. तो दवाखान्यात होता त्या आठवड्यात मी मोर्च्याच्या गडबडीत नसतो तर मारुतीचं शेवटचं पत्रही असंच सुंदर लिहिलं असतं, आणि पोरीच्या गळ्यात कुणाच्या तरी नावाची माळ पडली असती. लाज वाटली मला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चल," फादर म्हणाले. "हे मला सांगून काय उपयोग?"

खाणीवरच्या खोलीत दीर ट्रंकेला दोरी बांधत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही. "मग दादा तोंडानं काय म्हनला हुता, त्येच सांगा. तुमचं नगं."

मी डोळे मिटले आणि मारुती बोलला होता तसंच बोललो. "मास्तर, आबास्नी सांगा, पोरीला शाळंतनं काढू नगा. म्या जल्मभर अंगठा लावला. तिनं लावायचा न्हाई."

बायको भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला. "त्येंचंच," म्हणाली, "ह्ये त्येंचंच बोलनं." दीर दोरी टाकून उठला. मग माझ्यापुढे कागद सरकवून म्हणाला, "लिवा. आन् आबास्नी बरं वाटावं म्हून एक अक्षर बदलू नगा."

लग्न थांबलं. शेवंता शाळेत राहिली, तसं तिच्या काकानं कळवलं. राज्य झालं त्या साली फादरांची बदली झाली आणि वर्षभरातच ते गेल्याचं कळलं. पावलूचा निकाल लावायचा राहूनच गेला. त्यांच्या भाच्यानं त्यांच्या वह्या मला आणून दिल्या. त्यांत मारुतीच्या पत्रांचीही एक वही होती, रोमी म्हणजे रोमन लिपीत. पहिल्या दिवशीच्या पानावर, म्हणजे मी काही कबूल करायच्या आधीच, नऊ पत्रांच्या मोजणीखाली लिहिलं होतं, "हांगा 'आपण' खूब, 'हांव' एकूच ना. बरोवपी मनीस बरो. पूण कोणाकूच 'ना' म्हणपाक भियेता."

इथं 'आपण' भरपूर, 'मी' एकही नाही; लिहिणारा माणूस चांगला आहे, पण कुणालाच 'नाही' म्हणायला भितो. ते पान मी अजून बायकोलाही दाखवलेलं नाही.