बर्फाच्या कारखान्याचं नाक

मिरकरवाडा बंदरातल्या त्या बर्फाच्या कारखान्यात दिवसाची सुरुवात मजीदच्या नाकाने होत असे. मशीनघराचं दार उघडून तो आत पाऊल टाकायचा, लांब श्वास घ्यायचा, क्षणभर तसाच उभा राहायचा आणि मग बाहेर ताटकळणाऱ्यांना सांगायचा, "बरा हाय. या." बाकीचे विड्या विझवून आत शिरत. बर्फ गोठवायला अमोनिया लागतो, आणि नळ्या जुन्या झाल्या की तो कुठे ना कुठे झिरपतो. तेव्हा आत जाण्यात धोका आहे की नाही, हे ठरवण्याची कारखान्याची पद्धत एवढीच होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. लिहिलेली असती तर बहुधा कोणी पाळली नसती.

मजीदला हे काम आवडायचं. आतल्या हौदावर लाकडी फळ्या टाकलेल्या, त्यावरून चालताना एखाद्या बुडालेल्या गावाच्या छपरांवरून चालल्यासारखं त्याला वाटे. पायाखाली, अंधारात, पाणी गुपचूप दगड होत असायचं. बर्फाची लादी बाहेर आली आणि दारातल्या उन्हाचा कवडसा तिच्यात शिरला, की आत पांढरे पिसारे दिसत. एकदा त्याला त्यात वडिलांचं गलबत दिसलं, शिडासकट. त्याने सोबतच्या रावजीला बोलावून दाखवलं. रावजीने वाकून पाहिलं आणि तुला थंडी बाधली, असं निदान केलं. मग लादी करवतीखाली गेली आणि गलबत सुरमईच्या टोपल्यांत वाटून टाकलं गेलं.

अडचण एवढीच होती, की कारखान्याचं हे नाक केव्हाच बंद पडलं होतं.

मजीदला ते घरी कळलं. बायको हाजरा शेजारी गेली होती आणि तो चुलीपाशी बसून होता. तव्यावर सुके बोंबील जळून कोळसा झाले, तरी तो आपला समाधानाने आढ्याकडे बघत बसलेला. हाजराने येऊन तवा उतरवला, नवऱ्याकडे पाहिलं आणि उग्र वासाची तिरफळं ठेचून त्याच्या नाकाशी धरली. नंतर हिंग, नंतर अत्तर. काही नाही. गंमत म्हणजे कधीकधी आपसूक वास येत. फळ्यांवरून चालताना मध्येच डांबर आणि माशाच्या तेलाचा वास सुटायचा, वडिलांच्या गलबताचा. ते गलबत तर कधीच मोडीत निघालं होतं. म्हणजे वास येतच नव्हता असं नाही. आजचा येत नव्हता.

कारखान्याला मात्र आजचाच लागत होता. मजीदने डोळ्यांवर भागवायला सुरुवात केली. अमोनिया डोळ्यांना झोंबतो. तो मोठ्याने हुंगायचा आणि पापण्यांत पाणी येतंय का ते बघायचा. आलं तर म्हणायचा, "थांबा." आजवर चूक झाली नव्हती, आणि ज्याच्या शब्दाखातर माणसं दाराबाहेर थांबतात, त्याला आपण बिघडलोय असं सांगणं जड जातं.

मग भोपाळ घडलं. मालक आत्मारामशेट रोज वर्तमानपत्र वाचत आणि आपल्याच कारखान्याला भीत. त्याआधी ते फक्त वीज जाण्याला भीत. त्यांनी मुंबईहून संरक्षक साहित्याचा एक विक्रेता बोलावला. तो दोन पेट्या घेऊन आला आणि इथे कशाकशाने इजा होते, असं त्याने सगळ्यांना विचारलं. आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे लोक खुलले. ओल्या जमिनीवर पाय घसरतो, लादी पायावर येते, लादी ओढायचा आकडा हातात शिरतो. रावजीने शेटच्या बोलण्यानेही होते असं हळूच सांगितलं. घसरण्यावर गमबूट निघाले, आकड्यावर हातमोजे. शेटच्या बोलण्यावर पेटीत काही नव्हतं.

वायूसाठी दोन मुखवटे होते. पहिल्याला समोर मोठी काच आणि खाली हवा गाळणारा डबा. दुसऱ्याला डब्याऐवजी लांबलचक नळी. तिचं टोक बाहेर चांगल्या हवेत ठेवायचं आणि सोबत्याने तिथे बसून हवेचा पंखा हाताने फिरवत राहायचं. शेट म्हणाले, एकच घेऊ. सगळ्यांनी पहिल्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्यात माणूस दाव्याला बांधलेल्या रेड्यासारखा दिसतो, असं रावजीचं मत पडलं. घालणार कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

विक्रेत्याने मजीदच्या डोक्यामागे पट्टे आवळले. चाचणीसाठी आतल्या अमोनियाच्या नळीची एक झडप किंचित सैल करून ठेवली होती. आत एक फेरी मारून यायचं होतं. "डब्यातला मसाला कधीतरी संपतो," विक्रेता म्हणाला. "संपला की आत वास यायला लागतो. वास आला की तडक बाहेर. एवढं ध्यानात ठेवा."

काचेआड जग शांत झालं. शेट, रावजी, दारातलं ऊन, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं संथ हलत होतं. आतलं धुकं त्याला ओळखीने बोलावत होतं. नाक गेलेलं, आता डोळेही काचेमागे सुखरूप. त्याला सावध करणारं जे एकमेव उरलं होतं, त्याचाच या मुखवट्याने उत्तम बंदोबस्त केला होता. आज काही झालं नसतं, डबा नवा होता. होणार होतं ते अमोनियाची नळी खरोखर फुटेल आणि तो आत असतानाच डबा संपेल त्या दिवशी. सकाळी चहा देताना हाजरा म्हणाली होती, "नाक गेलंय तुमचं, हातपाय नाय गेलेले. सांगून टाका."

मजीदने मुखवटा काढला. "शेट, तो नळीवाला घ्या."

"का रे?"

"मला वास येत नाय."

"अरे, मुखवट्यात कसा येईल?"

"कधीच येत नाय. दोन-तीन पावसाळे झाले."

विक्रेता उगाच हातमोजे मोजू लागला. शेवटी रावजी म्हणाला, "मग रोज सकाळी आत काय हुंगत होतास?"

"हुंगत नव्हतो. डोल्यांनी बघत होतो."

"म्हणजे आम्ही तुझ्या डोल्यांवर इसंबून आत जात होतो? तुला तर समोरची होडी दिसत नाय, मजीदभाय."

शेट संतापले. उद्यापासून मजीदला लाद्या चढवायला घाला, म्हणाले. विक्रेत्याने घसा साफ केला. नळीच्या मुखवट्यात घालणाऱ्याला नाकाची गरज नसते, पंखा फिरवणारा तेवढा भरवशाचा हवा. सगळ्यांनी रावजीकडे पाहिलं. भरवशाचा म्हणून आपल्याकडे कोणी बघेल, ही कल्पना रावजीलाही नवीन होती. आतल्या साऱ्या झडपा हाताला पाठ असलेला माणूस मजीदशिवाय नव्हता, म्हणून शेटनी नळीवाला घेतला.

सकाळचं हुंगणं रावजीकडे गेलं. तो ते फार सावकाश करतो. मजीद इतरांबरोबर बाहेर उभा राहतो, आणि पहिले काही दिवस त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

पण मुखवटा घेतला त्याच दिवशी, सैल झडप बंद करायला आत गेला तो मजीदच. नळीचं दुसरं टोक धक्क्याकडे होतं, तिथे रावजी पंखा फिरवत बसला होता. हवा हेलकाव्यांनी येत होती आणि तिच्याबरोबर लिलावाचा गलका, दोर ओढल्याचा करकराट, कुणाचं तरी हसणं, सगळं लांबून, स्वप्नात ऐकू यावं तसं. मध्येच श्वास बारीक झाला. बाहेर रावजी कुणाशी तरी बोलत असणार. मजीदने नळीला हिसका दिला. श्वास पुन्हा भरून आला, आणि तो धुक्यात हात पुढे करून झडप चाचपू लागला.