चाफ्याचा केसपेपर

आमच्या विक्रोळीच्या सोसायटीत माणूस आजारी पडला तर डॉक्टर लागतो, झाड आजारी पडलं तर भीमराज. हा गृहस्थ तीस वर्षं सरकारी इस्पितळात वॉर्डबॉय होता. निवृत्त झाल्यावर आमची बाग बघायला लागला, पण इस्पितळ काही अंगातून गेलं नाही. प्रत्येक झाडाचा केसपेपर. पानावर ठिपका दिसला की पान उलटं करून बघतो आणि विचारतो, "नातेवाईक कोण?"

यंदा गेटजवळचा पांढरा चाफा पिवळा पडला. सेक्रेटरी नितेशला आनंदच झाला. त्या जागेत दोन स्कूटर बसतात. महिन्याभरात सुधारला नाही तर परवानगी काढून तोडायचा, असं त्याने जाहीर केलं. चाफ्याच्या नातेवाईक म्हणजे तळमजल्यावरच्या विमलाकाकी. नवरा गेला त्या वर्षी त्यांनी तो लावला होता. त्यांना जेवण जाईना.

मग सगळे हौशी वैद्य जागे झाले. कोणी ताक ओतलं, कोणी हळद. भीमराजने फांदीला पाटी टांगली: 'भेटण्याची वेळ ४ ते ६. बाहेरचं खाणं देऊ नये.' लोक हसले आणि चार वाजता खरंच भेटायला आले, शहाळी घेऊन! मला असा संताप आला म्हणून सांगू.

पानं गळतच राहिली. शेवटी भीमराजने बुंध्याची माती उकरली. मुंग्या, कुजका वास आणि चहाची साय.

"काकी, याला चहा कोण पाजतं?"

काकींचा चेहरा पडला. "मीच रे. ह्येंका चार वाजता चाय लागायची. रोज एक कप ओततंय. बंद केलंय तर उपाशी रवतले."

भीमराजने हातावरची माती झटकली. "मुळं कुजतायत, काकी. चाफ्याला माती कोरडी लागते." त्याने केसपेपरवर लिहिलं, 'तोंडाने काही देऊ नये.' मग म्हणाला, "तो कप उद्यापासून मला द्या. त्यांच्या नावाने मी पितो."

महिना भरायच्या आत फांद्यांच्या टोकांना हिरवे कोंब आले. नितेशने चाफ्याला खेटून लावलेली आपली स्कूटर मुकाट्याने मागे नेली.

परवा भीमराजच्या फाईलमध्ये मला एक केसपेपर दिसला. त्याचा स्वतःचा. साखर दोनशे नव्वद.

"वेड लागलंय का रे तुला?" मी ओरडलो.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. चार वाजले होते आणि काकी कप सांभाळत येत होत्या.

"दोन चमचे घातलंय हां," त्या म्हणाल्या. "ह्येंका तितकीच लागायची."

"झकास झालाय," म्हणत भीमराजने कप रिकामा केला.